चौकडीवाली ट्रीझा

ट्रीझा मच्याडो मला आधी ऐकू आली आणि मग दिसली.

माझा तास तळमजल्यावर आणि तिचा बरोबर माझ्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. मी खाली सांगत असायचे, “लिहा. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे अर्थ पोहोचवण्याची प्रक्रिया म्हणजे...” आणि ‘म्हणजे’पर्यंत येईतो छतातून असा काही आवाज यायचा, की वर कोणी हत्ती सरकवतंय असं वाटावं. साठ मुलं एकदम वर बघायची. अर्थ पोहोचायचा राहून जायचा.

विषय आमचा दोघींचा एकच. मुलं त्याला कम्युनिकेशन म्हणायची, मी संज्ञापन म्हणायचे, आणि संज्ञापन हा शब्द वर्गातल्या निम्म्या मुलांपर्यंत कधी पोहोचलाच नाही हे माझ्या लक्षात यायला मला निवृत्त व्हावं लागलं. त्या वेळची मी म्हणजे बावन्न वर्षांची विभागप्रमुख. चष्म्याला साखळी, साडीला पिना आणि मराठीला इस्त्री. मूळची साताऱ्याकडची, लग्नानंतर विरारला आलेली आणि वीस वर्षांनंतरही विरारवर उपकार करायला आल्यासारखी राहणारी. माझ्याकडे नोट्सची एक वही होती. तिच्यात मी माझ्या सोयीसाठी कंसात लिहून ठेवलं होतं, ‘येथे थोडे हसावे’. एका वर्षी मी घाईत तेही वाचलं आणि मुलांनी तेही लिहून घेतलं. परीक्षेत अकरा उत्तरपत्रिकांमध्ये व्याख्येनंतर ‘येथे थोडे हसावे’ आलं. मी त्या अकराही मुलांचा अर्धा अर्धा गुण कापला. चूक कोणाची होती हे विचारू नका.

तर तो आवाज. दोनदा मी शिपायाला वर पाठवलं, तिसऱ्यांदा स्वतः गेले. वर्गात एकही बाक फळ्याकडे तोंड करून नव्हतं. चार-चार मुलं समोरासमोर, चौकोन करून बसलेली, आणि सगळी एकदम बोलत होती. मी दारात उभी राहून करड्या आवाजात विचारलं, “इथे शिक्षक कोण आहेत?”

कोपऱ्यातल्या बाकावरून एक हात वर झाला. बत्तीस-तेहतीसची, लांब वेणी घातलेली, सलवार-कुडत्यावर कॅनव्हासचे बूट घातलेली बाई. “मी, मॅडम. या ना. ह्या चौकडीत आज एक जण कमी आहे.”

“बाकांचा आवाज खाली येतो,” मी म्हटलं. “माझ्या मुलांना माझं ऐकू येत नाही.”

“मुलांचं तुम्हाला ऐकू येतं ना?” तिनं विचारलं. खोचकपणा नव्हता हो तिच्या विचारण्यात, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून तर ते मला जास्त लागलं.

पुढच्या सोमवारी आवाज बंद. तिच्या वर्गातली काही मुलं सकाळी कॉलेज करून दुपारी सातिवलीच्या कारखान्यांत कामाला जात. त्यांनी तिकडून टाकाऊ रबराचे तुकडे आणले आणि वर्गानं मिळून प्रत्येक बाकाच्या पायांना चिकटवले. आता वर हत्ती चालत होता की मांजर, मला कळेना. खरं सांगायचं तर मला ते जास्त छळायला लागलं.

ट्रीझा तासिका तत्त्वावर होती. म्हणजे जितके तास शिकवाल तितकेच तुम्ही शिक्षक. जूनमध्ये बोलावणं आलं तर वर्षभर आहात, नाहीतर नाही. वटारला सासऱ्यांची केळीची वाडी होती, पण त्या वाडीत आता चार भावांचे चार बांध पडले होते. नवरा सातिवलीतच एका लहानशा कारखान्यात होता, आणि तो कारखाना कधी चालू कधी बंद. तिच्या दोन्ही मोठ्या बहिणी परदेशात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला गेल्या होत्या. तिची मुलगी जेनिशा चार वर्षांची. बालवाडीला सुट्टी असली की ती स्टाफरूममध्ये टेबलाखाली बसून खडूनं फरशीवर मासे काढायची.

एकदा मी तिला सहज विचारलं, “बहिणी बोलावत असतील ना तुलाही?”

“रोज बोलावतात. सगळी तयारी करून देतो म्हणतात.” तिनं टेबलाखाली वाकून पोरीच्या हातातला खडू सरळ करून दिला. “मॅडम, मी कायम झाले की प्रश्नच मिटला. हिला टाकून जायचं नाही, एवढं एकच मी ठरवलंय. बाकी आयुष्याचं काय व्हायचं ते होऊ दे.”

तिला काय हवं होतं, ते हे. पुढच्या सगळ्या गोष्टीत हे ध्यानात असू द्या. मी ठेवलं नाही.

आता तिची पद्धत सांगते. सत्राच्या पहिल्याच दिवशी ती वर्गाच्या चौकड्या करायची. मैत्रिणी-मैत्रिणी एकत्र नाहीत, एका शाळेतले एकत्र नाहीत. एखादी वाडीतली, एखादा चंदनसारच्या नव्या इमारतीतला, एखादी मिठागराकडची, एखादा कामावर जाणारा. चौघांनी मिळून एक विषय तयार करायचा. चौघांच्या नावांच्या चार चिठ्ठ्या एका रिकाम्या काड्यापेटीत. तासाला त्यांच्यापैकीच कोणी एक चिठ्ठी काढायची, नाव निघेल त्यानं बोलायचं, आणि त्याला मिळतील ते गुण चौघांना. म्हणजे हुशार मुलीनं बाकीच्या तिघांना तयार केल्याशिवाय तिची सुटका नाही, आणि मागे बसणाऱ्यानं ‘मला हे कळलं नाही’ असं तोंडानं म्हटल्याशिवाय त्याची नाही. चिठ्ठीचा कारभार मला एवढाच ठाऊक होता. त्याला आणखी एक शेपूट होतं. ते मला ठाऊक नव्हतं. का नव्हतं, ते येईलच.

दुसरा एक कायदा तिच्या वर्गात होता: दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. तो मंगेश नावाच्या मुलामुळे आला. मंगेश बोलताना अडखळायचा. साधा ‘म’ यायला त्याला कधी कधी अर्धं मिनिट लागायचं. आम्ही सगळेच शिक्षक काय करायचो, तर तो ‘म... म...’ करायला लागला की आपणच पटकन म्हणायचो, “मार्कशीट हवीय? मुंबईला जायचंय?” आणि आपण किती दयाळू म्हणून खूश व्हायचो. ट्रीझा थांबायची. ती त्याच्या तोंडाकडे बघायची नाही, त्यानं त्याला आणखी त्रास व्हायचा. ती स्वतःच्या नखांकडे बघत बसायची, जणू तिला दुसरं कामच नाही. घड्याळ ती मनगटाच्या आतल्या बाजूला घालायची आणि तास चालू असताना ते कधी बघायची नाही. मंगेशचं वाक्य पुरं झालं की मग मान वर. “हं. पुढे?”

मी तिला म्हटलं होतं, “अगं, असं प्रत्येकासाठी थांबत बसलीस तर अभ्यासक्रम कधी संपणार?”

“कोणाचा, मॅडम?” ती म्हणाली.

तिच्या गुणांच्या पद्धतीवर तक्रार येणार हे ठरलेलंच होतं. शर्वरी म्हणून एक मुलगी होती, इंग्रजी शाळेतून आलेली, बोलायला लागली की टाळ्याच. तिचे वडील रोज मुंबईला नोकरीला जाणारे. एक दिवस रजा टाकून ते माझ्या केबिनमध्ये आले. “माझ्या मुलीचे मार्क दुसऱ्या कोणाच्या तोंडावर का अवलंबून? तो मुलगा धड बोलूही शकत नाही!” मी त्यांच्याशी शंभर टक्के सहमत होते. त्यामुळे मी ट्रीझाला बोलावून घेतलं आणि मजा बघायला मागे रेलून बसले.

ट्रीझानं त्यांना विचारलं, “साहेब, तुमच्या ऑफिसात मोठ्या मीटिंगला कोण बोलतं?”

“आमचे जीएम.”

“आणि ते बोलतात ते तयार कोण करतं?”

गृहस्थांनी माझ्याकडे बघितलं. “म्हणजे... तसं ते मीच करतो.”

“मग तुमचे मार्क तर रोजच दुसऱ्याच्या तोंडावर आहेत. ते चुकीचं बोलू नयेत म्हणून तुम्ही काय करता? त्यांना नीट समजावून सांगता ना? शर्वरी तेच शिकतेय. फक्त जीएमऐवजी मंगेश.”

ते गृहस्थ हसले. जाताना तिला नमस्कार करून गेले, मला नुसती मान हलवून. ते मी मनात ठेवलं. मनात ठेवायला मला तेव्हा खूप जागा होती.

मिठाचं तर मी कोणाला सांगितलेलं नाही. वर्षातून एकदा विभागप्रमुखानं कनिष्ठांचा तास बघून अहवाल लिहायचा असतो. मी गेले तेव्हा कल्पना नावाची मुलगी बोलत होती, मिठागरावर काम करणाऱ्या घरातली. “भरतीचं पानी आत घेतलं का मग ते कोनाला हात लावू देत नाय...” मला राहवेना. मी मागून म्हटलं, “पाणी. ण. जीभ वर लाव. म्हण, पाणी.” पोरीनं म्हटलं. मी म्हटलं, “पुन्हा.” तिनं पुन्हा म्हटलं. मला वाटतं मी पाच-सहा वेळा म्हणायला लावलं. पाचव्या वेळेला ण अगदी चोख आला. आणि मग ती खाली बसली, आणि मीठ तिथेच राहिलं.

ट्रीझानं नेहमीसारखं नखांकडे बघितलं. मग शांतपणे म्हणाली, “कल्पना दमलीय. चौकडीतला एक जण कमी झाला तर पाहुण्यानं त्याच्या जागी बसायचं, असं आपलं आहे. इनामदार मॅडम, मिठाचं पुढचं तुम्ही सांगता?”

सांगते काय कपाळ! वीस वर्षं मी मिठागरांच्या कडेनं ये-जा केली होती, पण ते पाणी किती दिवस ठेवतात, किती वाफ्यांतून फिरवतात, मीठ धरलं हे कशावरून ओळखतात, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. माझा ण मात्र उत्तम होता. मी म्हटलं, “सूर्याच्या उष्णतेने पाण्याचे बाष्पीभवन होते.” मागून कोणीतरी खुदकन हसलं. मग कल्पनाच उठली, माझ्या शेजारी येऊन बसली आणि माझ्या वहीवर बोटानं चौकोन काढत मला समजावू लागली. “मॅडम, हे बघा, पहिल्या वाफ्यातलं पानी आन शेवटच्या वाफ्यातलं, हात घातला ना तरी कळतं. शेवटचं जड लागतं.”

मी दहा मिनिटांत उठून आले. केबिनमध्ये बसून अहवाल लिहिला: ‘संपूर्ण तास पाहिला. वर्गनियंत्रण सुधारण्यास वाव आहे.’ ती आमच्याकडे होती त्या चार वर्षांत मी तिचे चार तास पाहिल्याचे चार अहवाल आहेत. एकाही तासाला मी शेवटपर्यंत बसलेली नाही.

आणि मग ती जागा निघाली. कायम जागा, एकच. संस्थेनं ठरवलं की मुलाखतीबरोबर उमेदवारांचा प्रत्यक्ष तासही बघायचा. दोन उमेदवार उरले. एक ट्रीझा, आणि एक बाहेरचा तरुण, सुटाबुटातला. समितीत संस्थेचे कार्याध्यक्ष, बाहेरून आलेले एक तज्ज्ञ आणि आमचे प्राचार्य. विभागप्रमुख म्हणून मी मागे खुर्ची टाकून.

आदल्या दिवशी मी ट्रीझाला विचारलं, “कुठली चौकडी उभी करणार आहेस?”

“सातवी. पाळी त्यांची आहे.”

सातव्या चौकडीत शर्वरी, कल्पना, इरफान आणि मंगेश. मी म्हटलं, “पाळी बदल.”

“का?”

“चिठ्ठी मंगेशची निघाली तर?”

“तर मंगेश बोलेल.”

“ट्रीझा, तुझी नोकरी आहे ही. जेनिशाचा विचार कर.”

तिचा चेहरा जरा उतरला. पण ती म्हणाली, “मॅडम, पाळी बदलली तर त्या चौघांना कळेल का बदलली. ते मी त्यांना कसं समजावू?”

आता खरं लिहिते. मला तिला मदतच करायची होती. असं मी तेव्हा म्हणत होते आणि ते सगळं खोटं नव्हतं. पण समितीसमोर माझ्या विभागात एक मुलगा अर्धं मिनिट ‘म’वर अडकून उभा आहे, हे चित्र मला सहन होत नव्हतं, हेही होतंच. काड्यापेट्या माझ्या कपाटात असायच्या, किल्ली माझ्याकडे. सकाळी लवकर येऊन मी सातव्या चौकडीची काड्यापेटी उघडली, चारही चिठ्ठ्या काढल्या आणि चार नव्या टाकल्या. चारही शर्वरी. साताऱ्याकडच्या शाळेत घटवलेलं माझं अक्षर, रफार कसा सुरेख. बावन्न वर्षांची विभागप्रमुख, कपाटाच्या दाराआड उभी राहून, कॉपी करणाऱ्या पोरीसारखी पुन्हा पुन्हा मागे बघत होते. आणि गंमत सांगू? मला फार हुशार वाटत होतं.

बारा वाजता तास. इरफाननं चिठ्ठी काढली, “शर्वरी.” शर्वरी उठली. त्यांचा विषय होता, सरकारी दवाखान्यात वाचता न येणाऱ्या माणसाला कोणत्या खिडकीवर जायचं ते कळत नाही, त्यासाठी पाटी कशी हवी. चौघं मिळून दवाखान्यात चार सकाळी बसून आली होती. शर्वरी सुंदर बोलली. कार्याध्यक्षांनी फोन खिशात ठेवला. तज्ज्ञांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी मनात म्हटलं, झालं, ट्रीझा, झालीस तू कायम. पेढे मला दे.

तेवढ्यात कल्पना उठली. काड्यापेटी हातात घेतली आणि उरलेल्या चिठ्ठ्या एकेक करून उघडून मोठ्यानं वाचायला लागली.

हेच ते शेपूट. ट्रीझाच्या वर्गात बोलणं संपलं की उरलेल्या तीन चिठ्ठ्याही वाचायच्या असत. ज्याचं नाव निघालं नाही त्याचंही नाव आत होतं, हे सगळ्या वर्गाला ऐकू गेलं पाहिजे, म्हणून. दर तासाला. चार वर्षं. माझ्या डोक्यावर.

“शर्वरी,” कल्पनानं वाचलं. मग दुसरी उघडली. “शर्वरी.” ती थांबली. तिसरी उघडली आणि ट्रीझाकडे बघून म्हणाली, “मॅडम, ही पन शर्वरीच.”

मुलं हसली. मग हसायची थांबली. मंगेश कोणाकडेही बघत नव्हता, बाकाच्या कडेला अंगठा घासत होता.

तज्ज्ञ ट्रीझाला म्हणाले, “मॅडम, तासाच्या सुरुवातीला तुम्ही समान संधीबद्दल बोललात. ही तुमची समान संधी?”

ट्रीझानं पुढे होऊन चिठ्ठ्या हातात घेतल्या. एक बघितली. माझं अक्षर कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं. सूचनाफलक मीच लिहायचे. तिनं मान वर केली, माझ्याकडे एकदाच बघितलं आणि मग नखांकडे बघायला लागली.

ती थांबली होती. मंगेशसाठी थांबायची तशी, माझ्यासाठी.

मी वर पंख्याकडे बघितलं. त्याच्या एका पात्यावर जळमट होतं. ते काढायला सांगायला हवं, असा विचार मी केला. शपथेवर सांगते, असा विचार केला. किती वेळ गेला ठाऊक नाही. मंगेशला ‘म’ यायला लागतो त्याहून नक्की जास्त.

“अहो, प्रश्न तुम्हाला विचारलाय,” कार्याध्यक्ष तिला म्हणाले.

“चिठ्ठ्या माझ्या वर्गातल्या आहेत, सर,” ट्रीझा म्हणाली. “जबाबदारी माझी.”

संध्याकाळी ती स्टाफरूममध्ये आली, टेबलावरची आपली पुस्तकं पिशवीत भरू लागली. आम्ही दोघीच होतो.

“मंगेश तयार होता, मॅडम,” ती म्हणाली. “पंधरा दिवस. शर्वरीच्या घरी जाऊन तयारी करायचा रोज. तिच्या आईनं त्याला ऐकलंय.”

“अगं, मी तुझ्याच भल्यासाठी... म्हणजे मला वाटलं की...”

पिशवी खाली ठेवून ती उभी राहिली. “बोला. तुमचं वाक्य होऊ दे. मी थांबते.”

मी म्हटलं, “चहा घेशील?”

तिनं पिशवी उचलली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी आज जरा ताठ मानेनं लिहिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी जिन्यात मंगेशनं मला गाठलं. “मॅडम, म... मच्याडो मॅडमनी मा... माझं नाव...” आणि मी काय केलं? त्याचं वाक्य पुरं केलं. “काढलं? हो रे. वेळ कमी होता ना. मनाला लावून घेऊ नकोस.” एका दमात. संज्ञापन कसं, अगदी विनाअडथळा. त्यानं मान हलवली. त्या दिवसापासून तो ट्रीझाच्या तासाला आला नाही. तिला दारातून हाक मारायलाही नाही. ती दोनदा त्याच्या घरी जाऊन आली असं कल्पनानं मला सांगितलं, तो बाहेर आला नाही. ट्रीझानं त्यालाही माझं नाव सांगितलं नसणार. सांगितलं असतं तर तो परत आला असता.

जागा सुटाबुटातल्या तरुणाला मिळाली. तो संस्थेतल्या कोणाचा तरी नातेवाईक निघाला, आणि मी कितीतरी वर्षं ती गोष्ट औषधासारखी घेत आले: आधीच ठरलेलं होतं, आपल्या चिठ्ठ्यांनी काय फरक पडला. पण मग त्या तज्ज्ञांनी वहीत काय लिहिलं होतं? शर्वरी बोलत असताना, चिठ्ठ्या वाचायच्या आधी? ती वही मी नंतर पाहिली. प्राचार्यांच्या टेबलावर होती. त्यांनी लिहिलं होतं, ‘हिलाच घ्यावे’. आणि त्यावर आडवी रेघ.

जूनमध्ये ट्रीझाला तासांचं बोलावणं गेलं नाही. ऑगस्टमध्ये ती अनुभवाचा दाखला घ्यायला आली. मसुदा मी केला. ‘यांची वर्तणूक चांगली होती,’ असं लिहून सही केली. तिनं दाखला वाचला, घडी घातली, “थँक्यू मॅडम” म्हणाली. जेनिशा बरोबर होती, दाराच्या चौकटीला धरून एका पायावर उड्या मारत होती. ट्रीझा म्हणाली, “चल. मोठ्या मावशीला फोन करायचाय.”

ऑक्टोबरात ती बहिणींकडे परदेशी गेली, एकटीच.

मधल्या वर्षांत मी निवृत्त झाले, आजी झाले आणि नातीला भूत, चेटकीण, वाघ अशा गोष्टी सांगायला लागले. तिला फार वाईट माणसांच्या गोष्टी आवडतात. एकदा मी तिला चार चिठ्ठ्या बदलणाऱ्या बाईची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “ही बोअर आहे. शेवटी तिला पकडत का नाहीत?”

मागच्या डिसेंबरात कॉलेजच्या जुन्या कारकुनाच्या मुलीचं लग्न होतं, वटारच्या जवळ. चर्चमधला विधी आटोपून सगळे मांडवात आले होते, बॅण्ड वाजत होता. पलीकडच्या रांगेत मला ट्रीझा दिसली. वेणी गेली होती, केस मानेवर कापलेले, कानशिलांवर पांढरे. कारकुनाची बायको माझ्या कानाशी लागली. “वळखलंत का, मॅडम? आपली ट्रीझा. तीन वर्सांनी आलीय, तीन आठवड्यांसाठी. पोर आजीनंच वाढवली. सोळाची झाली आता.”

मी उठले. वाक्य तयार होतं. इतक्या वर्षांत पुष्कळ घासलं होतं, आता त्यात एकही सबब उरली नव्हती: चिठ्ठ्या मी बदलल्या, आणि मंगेशशीही मी खोटं बोलले. खुर्च्यांच्या मधून वाट काढत मी निघाले. माझ्यात आणि तिच्यात पाच-सहा खुर्च्या राहिल्या असतील.

ट्रीझा जेवणाच्या टेबलाकडून येत होती, दोन्ही हातांत एक ताट सांभाळत. लग्नात तळतात ते गोल फुगे आणि लालभडक रश्श्यातलं मटण. खुर्चीत एक उंच मुलगी फोन बघत बसली होती. टेबलाखाली मासे काढणारी पोर मी तिच्यात शोधली, सापडली नाही.

“जेनी, घे. गरम आहेत.”

मुलीनं ताटाकडे बघितलं. “मम्मी, मी मटन नाय खात.”

“कधीपासून?”

“आठवीपासून. आजीला माहितेय.”

“मला फोनवर बोलली नाहीस.”

“तू विचारलं नाय.” आवाजात राग नव्हता. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी, तसं तिनं सांगितलं. मग शेजारच्या मैत्रिणीला फोनमधलं काहीतरी दाखवलं आणि दोघी हसल्या.

ट्रीझा ताट घेऊन तशीच उभी होती. इकडेतिकडे बघत तिनं एक रिकामी खुर्ची शोधली, मुलीच्या मागच्या रांगेत. तिथे बसली, ताट मांडीवर ठेवलं, आणि एक फुगा मोडला.

मी वळले आणि नवरा-नवरीबरोबर फोटो काढायच्या रांगेत जाऊन उभी राहिले. रांग मोठी होती, माझा नंबर यायला बराच वेळ लागला. स्टेजवरून ती नीट दिसत होती. मान खाली घालून जेवत होती, ताटात काही टाकायचं नाही अशी. समोर मुलीची पाठ. फोटोवाला म्हणाला, “आजी, तिकडे नाय, इकडे बघा.”

मी इकडे बघितलं.